पास्कलमधून मायक्रोकंट्रोलरची ओळख : पहिला दिवा लुकलुकेपर्यंत



आजचा पाठ थोडा वेगळा आहे. आज आपण मायक्रोकंट्रोलर बोर्डवर पास्कल भाषेतून प्रोग्राम कसा लिहायचा ते पाहणार आहोत. हा पाठ इयत्ता सहावीपासून पुढच्या मुलांसाठी आहे. पण आधी तो आपण मोठ्यांनी एकदा करून बघावा, मगच वर्गात न्यावा.

अनेक शाळांमध्ये आता आर्डुइनोचे बोर्ड आलेले आहेत. अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांना ते मिळाले, काही ठिकाणी गावातल्या माणसांनी भेट दिले, काही पालकांनी घरी आणले. विज्ञान प्रदर्शनात त्यावरचे प्रकल्पही दिसतात. पण प्रकल्पाजवळ उभ्या असलेल्या मुलाला एकच प्रश्न विचारून बघा : "हा दिवा आत्ता आहे त्याच्या दुप्पट वेळ चालू ठेवायचा असेल तर काय बदलशील?" बऱ्याचदा मूल आपल्याकडे बघतं, मग सरांकडे बघतं. कारण प्रोग्राम कुठूनतरी उतरवून घेतलेला असतो. दिवा लागलेला असतो, पण तो का लागला हे मुलाला माहीत नसतं. पाढा पाठ आहे पण गुणाकार समजलेला नाही, तसंच हे.

ही अडचण कमी करायला पास्कल चांगली मदत करते. कशी ते आता बघू.

पास्कलच का?

पास्कल ही भाषा निकलाउस विर्थ या स्विस प्राध्यापकांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांना प्रोग्रामिंग नीट शिकवता यावं हा त्यामागचा एक मुख्य हेतू होता. नाव दिलं ब्लेझ पास्कल या फ्रेंच गणितज्ञाचं. वडिलांच्या कर-हिशेबात मदत व्हावी म्हणून या पास्कलने १६४२ मध्ये, विशीही गाठलेली नसताना, बेरीज-वजाबाकीचं यंत्र बनवायला घेतलं होतं. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा, त्यांना आवडते. आपल्यातल्या काही पालकांनी कॉलेजात निळ्या पडद्यावर टर्बो पास्कल केलेलं असेल, त्यांना ही भाषा लगेच ओळखीची वाटेल.

आता शिक्षकाच्या नजरेतून पास्कलचे चार फायदे.

१. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक नाही. आर्डुइनोच्या नेहमीच्या भाषेत (ती सी++ आहे) मधलंच एखादं अक्षर कॅपिटल नसेल तर प्रोग्राम चालत नाही. मराठी माध्यमाच्या मुलांचा निम्मा तास इथेच जातो. पास्कलमध्ये कॅपिटल लिहा, स्मॉल लिहा, काही बिघडत नाही.

२. 'ठेव' आणि 'बरोबर' यांची चिन्हं वेगळी आहेत. हा मुद्दा गणित शिकवणाऱ्यांनी नीट वाचावा. ७ + ५ = ☐ + ४ हे उदाहरण दिलं की कित्येक मुलं चौकटीत १२ लिहितात. त्यांच्या मनात '=' म्हणजे "आता उत्तर लिही". आता सी++ मध्ये 'चलात किंमत ठेव' यासाठीसुद्धा हेच '=' चिन्ह वापरतात. त्यामुळे क = क + १ पाहिलं की मूल गोंधळतं, आणि त्याचं गोंधळणं बरोबरच आहे! पास्कलमध्ये ठेवण्यासाठी := हे चिन्ह आहे, म्हणजे अपूर्णविराम आणि बरोबर. क := क + १ हे "क मध्ये जे आहे त्यात एक मिळव आणि परत क मध्ये ठेव" असं वाचायचं. नुसतं = हे तुलना करण्यासाठी राखून ठेवलेलं आहे.

३. शब्दांत सुरुवात, शब्दांत शेवट. महिरपी कंसांऐवजी बिगिन आणि एंड हे शब्द असतात. मुलं ते मोठ्याने वाचू शकतात. मोठ्याने वाचता येणारा प्रोग्राम समजावून सांगणं सोपं जातं.

४. आधी सांगा, मग वापरा. कोणता चल वापरणार आणि त्यात किती मोठी संख्या राहणार हे आधीच जाहीर करावं लागतं. नियम मोडला तर कंपायलर तिथेच अडवतो आणि ओळीचा क्रमांक सांगतो.

बोर्डची ओळख

आर्डुइनो युनो हा बोर्ड आपण उदाहरणासाठी घेऊ. आर्डुइनोची सुरुवात २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावी झाली. युनोवर एटीमेगा ३२८पी नावाची चिप असते. तिची माहिती मुलांना अशी सांगा :

- वेग : सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके (१६ मेगाहर्ट्झ).
- प्रोग्राम साठवायला जागा : ३२ किलोबाइट.
- काम करताना लागणारी स्मृती : २ किलोबाइट.

मोबाइलच्या मानाने ही जागा अगदीच थोडी आहे. मुलांना मुद्दाम विचारा, "एवढ्याशा जागेत काम कसं भागत असेल?" कारण या चिपला चित्रं दाखवायची नसतात, गाणी वाजवायची नसतात. वॉशिंग मशीन, खेळणी, वजनकाटा अशा वस्तूंमध्ये एकच ठरलेलं काम करणाऱ्या अशाच लहान चिप असतात.

लागणारं साहित्य

- आर्डुइनो युनो किंवा त्याच्यासारखा बोर्ड. साधा मिळताजुळता बोर्ड काही शे रुपयांत मिळतो.
- यूएसबी केबल. ही डेटा नेणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलने बोर्डवरचा दिवा लागतो, पण संगणकाला बोर्ड दिसत नाही. पुष्कळ जणांची पहिली अडचण हीच असते.
- एक संगणक. जुना असला तरी चालेल.
- पुढच्या स्वाध्यायासाठी लाल, पिवळा, हिरवा असे तीन एलईडी, २२० ओहमचे तीन रोध, ब्रेडबोर्ड आणि थोड्या वायरी.

आता सॉफ्टवेअर. फ्री पास्कल हा मोफत आणि खुला कंपायलर आहे. तो साध्या संगणकासाठी प्रोग्राम बनवतो, तसाच एव्हीआर जातीच्या चिपसाठीही बनवू शकतो. युनोची चिप याच जातीची. मात्र नेहमीच्या फ्री पास्कलमध्ये एव्हीआरचा भाग वेगळा बसवावा लागतो. लाझारस वापरणाऱ्यांना तो एफपीसीअपडिलक्स या साधनाने बसवता येतो. नवशिक्यांसाठी एव्हीआरपास्कल नावाचा मोफत संपादक जास्त सोपा पडतो, कारण त्यात कंपायलर आणि बोर्डवर पाठवायची सोय एकत्रच आहे. मिक्रोपास्कल नावाचा सर्बियातल्या कंपनीचा तयार कंपायलरही आहे, पण तो विकतचा आहे. शाळेसाठी फ्री पास्कल पुरेसा आहे.

काम कोणत्या क्रमाने होतं ते फळ्यावर बाणांनी काढा :

आपण लिहिलेला प्रोग्राम → कंपायलर → हेक्स फाइल → एव्हीआरड्यूड → बोर्ड

कंपायलर आपल्या शब्दांचं चिपच्या भाषेत रूपांतर करतो. ते रूपांतर हेक्स फाइलमध्ये राहतं. एव्हीआरड्यूड हा पोस्टमन, तो ती फाइल बोर्डवर पोचवतो. पोस्टमनला पत्ता लागतो ना? त्याला तीन गोष्टी सांगायच्या : चिपचं नाव, संगणकावरचा पोर्ट क्रमांक आणि पाठवण्याचा वेग. युनोसाठी वेग ११५२००. काही जुन्या नॅनो बोर्डांवर चिप तीच असते, पण वेग ५७६०० ठेवावा लागतो.

आधी संगणकाशिवाय : आठ मुलांचा पोर्ट

संगणक सुरू करायची घाई नको. पहिली तासिका मैदानावर किंवा वर्गात घ्या.

चिपच्या पायांचे गट असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. एका पोर्टमध्ये आठ जागा. आठ मुलांना वर्गाकडे तोंड करून ओळीत उभं करा. बघणाऱ्यांच्या उजवीकडून क्रमांक द्या ०, १, २ ... ७. प्रत्येकाच्या हातात त्याच्या स्थानिक किमतीचं कार्ड द्या : १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. हात वर म्हणजे १, हात खाली म्हणजे ०.

आता सांगा, "फक्त पाच क्रमांकाने हात वर करा." कार्ड कोणतं? ३२. मग "शून्य आणि एक वर." बेरीज ३. "सगळे वर." बेरीज २५५. दशमान पद्धतीत स्थानिक किंमत दहापट होत जाते, इथे दुप्पट होते, एवढाच फरक. स्थानिक किंमत शिकवण्याचा हा वेगळा तासच झाला म्हणा ना!

नंतर दोन आज्ञा शिकवा.

- ऑर ३२ : पाच क्रमांकाने हात वर करायचा. बाकीच्यांनी आहे तसंच राहायचं.
- अँड नॉट ३२ : पाच क्रमांकाने हात खाली घ्यायचा. बाकीच्यांनी आहे तसंच राहायचं.

"आहे तसंच राहायचं" यावर जोर द्या. खेळताना एखादं मूल उगाच हात हलवतं आणि बाकीची ओरडतात. ओरडू द्या, त्यातूनच पक्कं होतं.

पहिला प्रोग्राम

युनोवर १३ क्रमांकाच्या पायाला एक छोटा दिवा आधीच जोडलेला असतो. हा पाय म्हणजे बी पोर्टमधली ५ क्रमांकाची जागा. म्हणून बाहेरून काहीच न जोडता सुरुवात करता येते.

खाली प्रोग्राम उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिला आहे, जसा आपण मुलांना सांगू आणि ती टंकतील. संगणकावर तो इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहायचा. डीडीआरबी, पोर्टबी, लाँगइंट हे शब्द मध्ये जागा न सोडता जोडून लिहायचे. एसएचएल, एएसएम, एनओपी ही तीन-तीन अक्षरं आहेत. लुकलुक, दिवा, थांब, मोज ही नावं मात्र आपली आहेत. मुलांना त्यांच्या आवडीची मराठी नावं इंग्रजी अक्षरांत लिहू द्या.

प्रोग्राम लुकलुक;

कॉन्स्ट
दिवा = ५;

प्रोसिजर थांब;
व्हार
मोज : लाँगइंट;
बिगिन
फॉर मोज := १ टू ३००००० डू
एएसएम एनओपी; एंड;
एंड;

बिगिन
डीडीआरबी := डीडीआरबी ऑर (१ एसएचएल दिवा);
व्हाइल ट्रू डू
बिगिन
पोर्टबी := पोर्टबी ऑर (१ एसएचएल दिवा);
थांब;
पोर्टबी := पोर्टबी अँड नॉट (१ एसएचएल दिवा);
थांब;
एंड;
एंड.

ओळीमागून ओळ

कॉन्स्ट म्हणजे स्थिरांक. दिवा हे नाव ५ ला दिलं. इथे = आहे, कारण दिवा म्हणजे ५ च, तो पुढे बदलणार नाही.

थांब ही आपण चिपला शिकवलेली नवी क्रिया. चिपला घड्याळ बघून थांबायला सांगण्याऐवजी आपण तिला १ ते ३ लाख मोजायला लावतो. लपाछपीत राज्य असलेला गडी शंभर मोजतो, तसंच. एनओपी म्हणजे "काही करू नकोस", या आज्ञेला घड्याळाचा एक ठोका लागतो.

डीडीआरबी ही दिशा ठरवणारी जागा. १ ठेवला तर त्या पायातून वीज बाहेर देता येते, ० ठेवला तर तो पाय बाहेरचं ऐकतो. आपल्याला दिवा लावायचाय, म्हणून १.

१ एसएचएल दिवा म्हणजे एकाला डावीकडे पाच घरं सरकव. १, २, ४, ८, १६, ३२. पाच वेळा दुप्पट केलं की ३२. आठवलं ना पाच क्रमांकाच्या मुलाचं कार्ड?

पोर्टबी मध्ये ऑर केलं की दिवा लागतो, अँड नॉट केलं की विझतो. मैदानावरचा खेळ तो हाच.

व्हाइल ट्रू डू म्हणजे हे करतच राहा. मुलं विचारतात, "मग हा संपणार कधी?" संपणारच नाही. वीज काढली की थांबेल. सिग्नलमधला प्रोग्राम संपला तर कसं चालेल?

शेवटच्या एंड पुढे पूर्णविराम आहे, बाकी ठिकाणी अर्धविराम. गोष्ट संपली की पूर्णविराम, एवढं सांगितलं तरी मुलांच्या लक्षात राहतं.

चूक झाली की तास सुरू झाला

प्रोग्राम चालला की लगेच तो मुद्दाम बिघडवायला सांगा. एक अर्धविराम काढा. := ऐवजी = लिहा. एखादं एंड पुसा. प्रत्येक वेळी कंपायलर काय म्हणतो ते वहीत लिहून घ्या. लाल अक्षरांची भीती इथेच जाते. एक लक्षात घ्या, कंपायलर दाखवतो त्याच ओळीत चूक असेल असं नाही. अर्धविराम राहिला असेल तर बहुतेक वेळा तक्रार पुढच्या ओळीवर येते. म्हणून "दाखवलेली ओळ आणि तिच्या आधीची ओळ, दोन्ही वाच" असा नियम करून द्या.

यातली सर्वांत छान चूक म्हणजे लाँगइंटच्या जागी इंटिजर लिहिणं. सामान्य सेटिंगमध्ये इंटिजरमध्ये −३२७६८ ते ३२७६७ एवढ्याच संख्या मावतात. तीन लाख त्यात कसे बसणार? कंपायलर नकार देतो आणि मर्यादासुद्धा सांगतो. पाच लिटरच्या कॅनमध्ये पन्नास लिटर ओतायला निघालो तर आई जे म्हणेल, तेच कंपायलर म्हणतो.

बाइट या प्रकारात ० ते २५५ मावतात. प्रोग्राम चालू असताना २०० मध्ये १०० मिळवून ते बाइटमध्ये ठेवले तर, तपासणी सुरू केलेली नसल्यास, ४४ उरतात. ३०० वजा २५६. घड्याळात दहा वाजल्यानंतर पाच तासांनी तीन वाजतात, तसंच हे.

गणिताची जोड

दिवा किती वेळ लागतो? ते आपण आधी सांगायचं नाही, मुलांना मोजू द्यायचं. एकदा लागून-विझून परत लागेपर्यंत एक फेरी. दहा फेऱ्यांना किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघा. एकच फेरी मोजली तर चूक मोठी होते, दहा मोजल्या तर ती वाटली जाते, हेही सांगा.

समजा दहा फेऱ्यांना १६ सेकंद लागले. एक फेरी १.६ सेकंद, एक 'थांब' ०.८ सेकंद. आपल्याला अर्धा सेकंद हवाय. मग मोजायची संख्या किती? ३००००० × ०.५ ÷ ०.८ = १८७५००. त्रैराशिकच आहे हे! पण इथे उत्तर बरोबर आहे की नाही हे पुस्तकाच्या शेवटी बघायचं नाही, संख्या बदलायची, बोर्डवर पाठवायची आणि पुन्हा मोजायचं. तुमच्या बोर्डवरचा आकडा वेगळा येईल, कारण कंपायलरच्या सेटिंगवर तो अवलंबून आहे.

स्वाध्याय : चौकातला सिग्नल

८, ९, १० या पायांना लाल, पिवळा, हिरवा एलईडी जोडा. हे पाय म्हणजे बी पोर्टच्या ०, १, २ या जागा, किमती १, २, ४. प्रत्येक एलईडीला २२० ओहमचा रोध हवाच. ५ व्होल्टमधून लाल एलईडीचे सुमारे २ व्होल्ट गेले की ३ उरतात, ३ ÷ २२० म्हणजे साधारण १४ मिलिअँपिअर. पायाला हे सहज झेपतं. रोध नसेल तर एलईडी आणि पाय दोन्ही धोक्यात.

सुरुवातीला डीडीआरबी := ७. मग लालसाठी पोर्टबी := १, हिरव्यासाठी ४, पिवळ्यासाठी २. इथे ऑर का नाही? कारण सरळ किंमत ठेवली की बाकीचे आपोआप विझतात. कधी ऑर वापरायचं आणि कधी सरळ ठेवायचं, हा प्रश्न मुलांनाच सोडवू द्या.

सुरक्षितता : बोर्डला वीज फक्त यूएसबीमधून द्या. घरातली २३० व्होल्टची वीज या पाठात कुठेही येता कामा नये. जोडणी बदलताना केबल काढायची, ही सवय पहिल्याच दिवशी लावा.

मर्यादाही माहीत असू द्या

आर्डुइनोसाठी सेन्सर, मोटर, पडदे यांची जी तयार लायब्ररी मिळते ती बहुतेक सी++ मध्ये असते, फ्री पास्कलमध्ये ती थेट चालत नाही. म्हणून सगळे प्रकल्प पास्कलमध्येच करा असं मी म्हणणार नाही. पहिले दोन-तीन महिने पास्कल घ्या. दिवा, बटण, बझर, सिग्नल एवढं मुलांना स्वतःच्या शब्दांत सांगता आलं की मग सी++ कडे वळा. पोर्ट, दिशा, चल, फेरा या कल्पना तिथेही त्याच आहेत, फक्त लिहायची पद्धत बदलते.

मूल्यमापन कसं कराल?

दिवा लागला की पूर्ण गुण, असं करू नका. चार मुलांचा गट असेल तर टंकणारा दर वेळी बदला, नाहीतर एकाच मुलाच्या हातात माउस राहतो आणि मुली वही धरून बसतात. मग प्रत्येकाला वेगळं हे तीन प्रश्न विचारा :

१. दिवा चालू जास्त वेळ आणि बंद कमी वेळ ठेवायचा असेल तर काय बदलशील? (एकच 'थांब' पुरेल का?)
२. १३ ऐवजी १२ क्रमांकाच्या पायाला दिवा लावला तर कोणती एकच संख्या बदलावी लागेल?
३. दुसरं 'थांब' पुसलं तर काय दिसेल? आधी सांग, मग करून बघ.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. दिवा विझतो, पण लगेच लागतो, इतक्या लवकर की आपल्या डोळ्यांना तो सतत चालूच दिसतो. मुलाने हे आधी ओळखलं तर समजा, प्रोग्राम त्याचा स्वतःचा झाला. ओळखलं नाही तरी हरकत नाही, पुसून बघू द्या आणि "असं का झालं?" एवढंच विचारा.

पालकहो, कोडिंगच्या क्लासला पैसे भरण्याआधी किंवा महागडा संच घेण्याआधी हे तीन प्रश्न घरीही विचारून बघा. आणि शिक्षक मित्रांनो, शाळेच्या कपाटात बोर्ड पडून असेल तर या शनिवारी तो बाहेर काढा. पहिल्या तासाला तर तोही लागत नाही, आठ मुलं आणि आठ कार्डं पुरेत.

पुढच्या पाठात बटण जोडून शाळेची घंटा कशी वाजवायची ते पाहू. बटण दाबल्यावर चिपला १ नाही तर ० कसा काय दिसतो, यावर तोपर्यंत मुलांना विचार करू द्या.